बागेतली ओपन जिम चाळिशीनंतर किती कामाची? यंत्रागणिक परीक्षण

महापालिकेच्या बागांमध्ये बसवलेल्या हिरव्या-पिवळ्या यंत्रांपैकी ज्या दोन यंत्रांसमोर नेहमी रांग असते, ती एअर वॉकर (उभं राहून पाय झुलवायचं) आणि ट्विस्टर (कंबर वळवायची फिरती तबकडी), चाळिशी ओलांडलेल्या शरीराला सर्वांत कमी देतात. ज्यांच्या आसनावर लोक नुसते गप्पा मारत बसलेले दिसतात, ती लेग प्रेस (पायांनी ढकलायचं), चेस्ट प्रेस (हातांनी ढकलायचं) आणि पुलर (हातांनी ओढायचं) खरी कामाची आहेत. या परीक्षणाचा निष्कर्ष एवढाच. पण तो का आणि ती तीन यंत्रं नेमकी कशी वापरायची, हे नीट समजून घ्यावं असं आहे, कारण चुकीच्या पद्धतीने वापरली तर तीही झोपाळ्यासारखीच होतात.

आता मोठ्या शहरांपासून नगरपरिषदेच्या गावांपर्यंत ही व्यायामशाळा पोहोचली आहे. वीज नको, वजनाच्या चकत्या नकोत, फी नाही. रस्त्याकडेला आणि बागेत अशी यंत्रं बसवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती चीनमध्ये, तिथल्या सरकारने १९९५ मध्ये राष्ट्रीय तंदुरुस्ती कार्यक्रम हाती घेतल्यानंतर. आपल्याकडच्या संचात साधारण आठ ते बारा यंत्रं असतात आणि कंत्राटदार कोणीही असला तरी आराखडा जवळपास सारखाच असतो. त्यामुळे इथे लिहिलेलं बहुतेक बागांना लागू पडेल.

या यंत्रांकडून काय मागायचं, ते आधी ठरवलं पाहिजे. बागेत येणारी पन्नाशीतली माणसं चालतात, आणि ते उत्तमच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. झपझप चालण्याने ती सहज भरते. पण त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, हेही आहे. आपल्याकडे राहून जातो तो हा भाग. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर घटते. पंगतीतून उठताना हात जमिनीला टेकवावा लागतो, एसटीची पहिली पायरी चढताना दांडा ओढून घ्यावा लागतो, ही त्याचीच लक्षणं. नुसत्या चालण्याने ती ताकद टिकत नाही. म्हणून ओपन जिमला इथे एकच कसोटी लावली आहे: यंत्र स्नायूवर खरोखर भार टाकतं का, आणि तो भार हळूहळू वाढवता येतो का?

भार येतो कुठून

या यंत्रांत वजन म्हणजे तुम्हीच. लेग प्रेसचं आसन झोपाळ्यासारखं लोखंडी दांड्यांवर टांगलेलं असतं. पायाने समोरची पट्टी ढकलली की आसन मागे आणि थोडं वर जातं. याचे तीन परिणाम होतात आणि ते माहीत असले की अर्धं काम झालं.

पहिला, सुरुवातीला भार अगदी कमी असतो आणि आसन जितकं मागे जाईल तितका तो वाढतो. म्हणजे कस लागतो तो शेवटच्या टप्प्यात. दुसरा, झटका देऊन ढकललं की आसन झोका घेतं. मग पुढचं काम झोका करतो, मांड्या नाही. मिनिटाला चाळीस वेळा धाडधाड पुढे-मागे होणाऱ्या माणसाला घाम येतो, पण त्याच्या मांड्यांची ताकद वाढत नाही. तिसरा, ५० किलोच्या आणि ८० किलोच्या माणसाला यंत्र आपापल्या वजनाच्या प्रमाणात जड लागतं. त्यामुळे नवशिक्याला भार निवडण्याची चूक करता येत नाही, हा मोठा फायदा. पण दोन महिन्यांनी ताकद वाढली तरी यंत्र तेवढंच राहतं, हा तेवढाच मोठा तोटा. पुढे जायचं तर वेग, थांबा आणि एक पाय या तीन युक्त्या वापराव्या लागतात.

लेग प्रेस: दहापैकी आठ

पाठ आणि कंबर आसनाच्या पाठीला पूर्ण टेकवा. पाऊल पट्टीवर सपाट, टाच टेकलेली, दोन्ही पावलांत खांद्याएवढं अंतर. दोन सेकंदांत ढकला, शेवटच्या टोकाला दोन सेकंद थांबा, चार सेकंदांत परत या. टोकाला गुडघा ताठ करून अडकवू नका, किंचित वाकलेला ठेवा. गुडघा ताठ झाला की भार मांडीवरून उतरून सांध्यावर येतो. परत येताना आसन रबरी ठोकळ्यावर आपटू द्यायचं नाही, त्याच्या बोटभर आधी थांबून पुढचं आवर्तन सुरू करायचं. या एका सवयीने यंत्राचा उपयोग दुपटीने वाढतो.

इथे अडचण उंचीची. आसन आणि पट्टी यांच्यातलं अंतर बदलता येत नाही. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाचा गुडघा सुरुवातीला साधारण काटकोनात असतो आणि तो योग्य आहे. सहा फुटी माणसाचा गुडघा छातीकडे येतो आणि कंबर आसनावरून सुटते. त्याने पावलं पट्टीवर वरच्या बाजूला ठेवावीत. पाच फुटांच्या आतल्या बाईला पट्टी लांब पडते. तिने पाठीमागे घडी केलेली सतरंजी किंवा जाड उशी ठेवावी.

दोन पायांनी १५ आवर्तनं या संथ गतीने सहज झाली की एका पायावर या. दुसरं पाऊल जमिनीवर हलकं टेकवा. भार जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून सुरुवात सहा ते आठ आवर्तनांनी करा. गुडघा आतल्या बाजूला झुकतो का ते पाहा. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. झुकत असेल तर खुब्याचे स्नायू दमले आहेत, तिथेच थांबा. गुडघ्याची झीज असलेल्यांना हे यंत्र वर्ज्य नाही, उलट मांडीची ताकद वाढणं हा गुडघेदुखीवरचा मान्य उपाय आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज दिसली किंवा जिना उतरताना जास्त दुखलं तर आवर्तनं निम्म्यावर आणा.

चेस्ट प्रेस आणि पुलर

दोन्हींची रचना सारखीच: दांडा ढकलला किंवा ओढला की आसन वर जातं. चेस्ट प्रेसवर मुठी छातीच्या मध्याच्या पातळीत हव्यात. बसल्यावर मुठी खांद्याच्या वर येत असतील तर खांद्याच्या वाटीत चिमटा बसतो. दोन-तीन आठवड्यांनी हात वर करताना कळ येते आणि लोक व्यायामच सोडतात. उपाय सोपा आहे, आसनावर दोन इंचांची चटईची घडी घ्या. कोपर शरीरापासून थोडे लांब ठेवा, पण पंखांसारखे पसरू नका. ढकलताना श्वास सोडा, परत येताना घ्या. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावी, नंतर सवय मोडणं जड जातं.

दिवसभर खुर्चीत किंवा दुचाकीवर पुढे वाकून बसणाऱ्यांनी पुलर चुकवू नये. दांडे छातीच्या वरच्या भागाकडे ओढायचे, मानेमागे कधीच नाही. आधी खांदे कानांपासून खाली आणा, मग कोपर खाली न्या. नुसत्या हातांनी ओढलं तर दंड दमतात आणि पाठ कोरडी राहते. हे यंत्र अनेकांना जड जातं, चार-पाचच्या पुढे आवर्तनं होत नाहीत. मग पावलं जमिनीवर टेकवून पायांनी थोडा रेटा द्या, आसन उचलायला मदत होते. आठवड्यागणिक हा रेटा कमी करत जा. भार मोजूनमापून वाढवण्याची सोय या संचात एवढ्या सहज आणखी कुठे मिळत नाही. चेस्ट प्रेसला सात, पुलरला आठ.

बाकीची यंत्रं

क्रॉस ट्रेनरला (हात-पाय एकत्र हलवायचं यंत्र) ब्रेक नसतो, एकदा गती घेतली की ते आपोआप फिरतं. अंग गरम करायला तीन-चार मिनिटं ठीक, गुडघ्यांना आदळआपट नाही. रोअर (वल्हवल्यासारखं) आणि हॉर्स रायडर (घोडेस्वारीसारखं) ओढायला बरे आहेत, पण पाठीची कमान गोल होऊ देणाऱ्यांची कंबर धरते. पाठ सरळ राहत नसेल तर सोडून द्या. खांद्याचं मोठं चाक ताकदीसाठी नाही, हालचालीसाठी आहे. खांदा आखडलेल्यांना, आणि मधुमेह्यांमध्ये हे प्रमाण जास्त असतं, ते खरंच उपयोगी आहे. एका दिशेने एक मिनिट, उलट एक मिनिट, वेदना सुरू होण्याच्या अलीकडे थांबून.

ट्विस्टर पोट कमी करण्यासाठी वापरला जातो. एखाद्या जागचे स्नायू हलवल्याने त्याच जागची चरबी उतरत नाही. शिवाय कमरेच्या मणक्यांना वळण्याची मुभा फार थोडी असते, वळण्याचं काम छातीच्या मागचे मणके आणि खुबे करतात. तबकडी झोकात फिरवली की जोर कमरेवर पडतो. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, मणक्यातल्या चकतीचा त्रास असलेल्यांनी आणि पाळी गेल्यानंतर हाडांची तपासणी न केलेल्या बायकांनी यावर चढूच नये. सिट-अपच्या फळीबद्दलही तेच: ठिसूळ मणक्यांना पुढे वाकण्याचा जोर सर्वांत घातक. पोटासाठी बाकाच्या कडेला हात टेकवून, टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ रेषेत २० ते ३० सेकंद थांबणं पुरेसं आहे.

एअर वॉकरमध्ये पाय लंबकासारखे झुलतात. प्रतिकार शून्य, पावलाला जमिनीचा धक्का नाही, म्हणजे हाडांना मिळणारी चालनाही नाही. बागेतल्या वाटेवर दहा मिनिटं चालणं याहून सरस. अपघात होतात ते उतरताना: एक पाय जमिनीवर आणि दुसरी पट्टी अजून झुलती. वापरायचंच असेल तर झोका एका पावलाएवढाच ठेवा, दोन्ही पट्ट्या समोरासमोर आणून पूर्ण थांबा, दांडा न सोडता एकेक पाय खाली आणा. आसपास लहान मूल असेल तर सुरूच करू नका, झुलती पट्टी मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. गुण विचाराल तर दहापैकी तीन.

जे यंत्र नाही ते सर्वांत चांगलं

बागेतला साधा बाक या सगळ्या संचाला पुरून उरतो. आसन साधारण १७ इंच उंचीचं असेल तर त्यावर चाचणीही घेता येते. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांनी किमान १२, पुरुषांनी १४, सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये बायकांनी १०, पुरुषांनी १२. याहून कमी म्हणजे सरासरीखाली, आणि पडण्याचा धोका जास्त. दर दोन महिन्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. वजनकाट्यापेक्षा तो जास्त सांगतो.

व्यायाम म्हणून हीच उठबस: उठताना चपळाईने, बसताना मोजून चार सेकंद. धपकन बसायचं नाही. बारा आवर्तनं सोपी गेली की पाठीवरची सॅक पुढे छातीशी धरा आणि त्यात दोन लिटर पाणी घाला. एक लिटर म्हणजे एक किलो. लेग प्रेसला जे जमत नाही ते, म्हणजे भार दोन-दोन किलोंनी वाढवणं, इथे फुकटात होतं. तालमीतल्या खोल बैठका आता झेपत नसतील तर त्यांची जागा ही उठबस घेते. तसेच बाकाच्या पाठीला हात टेकवून अर्धे जोर मारता येतात. बाक जमिनीत पक्का रोवलेला आहे ना, ते आधी हलवून बघा.

तोलासाठी तर या संचात काहीच नाही, आणि ही त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. कठड्याशेजारी उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवा आणि दहा सेकंद थांबा. जमलं की एका पायावर. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाचांतल्या एकाला एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. तोल गेल्यानेच ते झालं असा त्याचा अर्थ नाही, पण शरीराचा हिशेब कळायला ही दहा सेकंद पुरतात. शेवटी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा १५ वेळा उचला. पोटरीचं काम संचातलं एकही यंत्र धड करत नाही.

पस्तीस मिनिटांची फेरी

पाच-सात मिनिटं झपझप चालणं, मग खांद्याचं चाक. त्यानंतर लेग प्रेस १२, चेस्ट प्रेस १०, बाकावरची उठबस १०, पुलर ८, टाचा उचलणं १५, तोल प्रत्येक पायावर १० सेकंद. दोन व्यायामांत मिनिटभर विश्रांती. पहिले दोन आठवडे एकच फेरी, तिसऱ्यापासून दोन. आवर्तनं अशी निवडा की शेवटची दोन-तीन अवघड जावीत पण पवित्रा बिघडू नये. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान ४८ तास. सोमवार आणि गुरुवार छान जमतात, बाकीचे दिवस चालण्याला. सहाव्या आठवड्याच्या सुमारास एका पायाचा लेग प्रेस आणि सॅकमधलं पाणी सुरू करा. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस मांड्या ठणकणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ स्वाभाविक नाही.

बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारासाठीची, ठोके मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, औषध ठोके फारसे वाढू देत नाही. चालताना वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम योग्य. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये आणि खिशात खडीसाखर ठेवावी. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात ओढ, अचानक गरगरणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबायचं, आणि बसूनही उतरलं नाही तर थेट दवाखाना. हृदयविकार, नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बसण्याआधी यंत्राची तपासणी

संच नवा असताना सगळं छान चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यानंतर. सांध्यांतल्या बेअरिंगमध्ये पाणी आणि धूळ जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि यंत्र करकरू लागतं. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने वेल्डिंगचे जोड आधी गंजतात. त्याही आधी गायब होतो तो रबरी ठोकळा. तो नसेल तर लोखंडावर लोखंड आपटतं आणि धक्का थेट मणक्याला बसतो, असं यंत्र वापरू नका. हाताने जोरात हलवा: पायाचे बोल्ट सैल असतील तर खांब डुलतो. पायपट्टीवरची खरखरीत नक्षी झिजली आहे का, आसनाखालच्या जोडात चीर आहे का, ते पाहा. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

चप्पल नको, टाच धरून ठेवणारे बूटच हवेत. ओढणी आणि पदर कमरेला खोचलेले हवेत, कारण फिरत्या सांध्यांच्या फटी उघड्या असतात. नातवंडांना यावर खेळू देऊ नका. अशा यंत्रांचं ईएन १६६३० हे युरोपीय मानकच १४० सेंटिमीटरहून उंच माणसांसाठी आहे. बिघाड दिसला तर बागेचं नाव, यंत्राचं नाव आणि तुटलेल्या भागाचा जवळून काढलेला फोटो, एवढं महापालिकेच्या तक्रार ॲपवर किंवा वॉर्ड ऑफिसात द्या. ‘जिम खराब आहे’ एवढ्यावर कोणी हलत नाही. ‘लेग प्रेसचा डावा रबरी ठोकळा नाही, पायाचे चारपैकी दोन बोल्ट सैल’ असं लिहिलं की कंत्राटदाराला काय घेऊन यायचं ते कळतं.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात सकाळी आठनंतर लोखंडी दांडे चटका देतात, तिथे सहाचीच वेळ धरा. पावसाळ्यात पायपट्ट्यांवर शेवाळ धरतं. चार महिने यंत्रं सोडून बाकावरची फेरी घरी करा: भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची, सॅकमध्ये पाणी, अर्ध्या जोरांसाठी ओट्याची कड आणि टाचा उचलायला जिन्याची खालची पायरी. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊ नका, उठताना ती फरशीवरून मागे सरकते.